ठेका विचारा: खोक्यातली कॅसेट, रॉटरडॅमचा दणका आणि डिचोलीच्या काकू

गेल्या अंकात नव्वदीतल्या हार्डकोर रेव्हवर, म्हणजे युरोपातल्या रात्रभराच्या पार्ट्यांत वाजणाऱ्या दणदणीत, वेगवान नाचाच्या संगीतावर, अर्धं पान खरडलं होतं, मला वाटलं वाचणार तीन माणसं आणि त्यातली दोन आमच्याच घरातली. पण पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, आणि एकाने तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळीवाल्यांच्या गल्लीत मला गाठून भर गर्दीत विचारलं की गॅबर म्हणजे काय हो. हातात दोन पिशव्या, घामाने निथळतोय, काय सांगू. म्हणून हा अंक सगळा त्यालाच दिलाय.

मडगावहून एक वाचक: तुम्ही 'डॉमिनेटर' हे बेल्जियमचं गाणं लिहिलंय. ते ह्यूमन रिसोर्स या ग्रुपचं, आणि ते डच. निदान छापण्याआधी बघत जा.

बरोबर आहे तुमचं, चूक माझी, मडगावकराने म्हापशेकराची चूक काढली म्हणजे आता वर्षभर ऐकावं लागणार. डचच ते, १९९१ चं. माझा घोळ कशाने झाला सांगतो, कारण तो घोळ कामाचा आहे. तेव्हाची निम्मी जड रेकॉर्ड बेल्जियममधल्या गेंटच्या आर अँड एस या लेबलाच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, शिक्क्याने फिरायची, डॉमिनेटरसुद्धा फिरलं. रनाट आणि साबीन या नवराबायकोचं लेबल, दोघांच्या नावातलं एकेक अक्षर. त्यांच्याकडेच त्याच साली 'मेंटाझम' निघालं, ते केलं होतं अमेरिकेतल्या जोई बेल्ट्रामने जोडीदाराबरोबर. त्यात जो आवाज आहे ना, वरून खाली घसरत येणारा, गुरगुरणारा, त्याला पुढे सगळे हूवर म्हणायला लागले, कारण हूवर कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा लागतो. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर कुणी ऐकलाय, मला तर तो पावसाळ्यात पंचायत डासांचं धुराचं मशीन फिरवते तसा वाटतो, लांबून येतो आणि दारापाशी येऊन बोंबलतो. तो निघाला रोलंडच्या अल्फा जुनो या कीबोर्डमधून, कंपनीने आधीच भरून दिलेला आवाज, ज्याने बनवला त्या एरिक पर्सिंगला स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल की हजारो पोरं यावर घाम गाळणार.

तर अमेरिकन पोरं, जपानी कीबोर्ड, बेल्जियन शिक्का आणि ऐकून वेडे झाले डच, जर्मन, इंग्रज सगळे. यात कुठलं कुणाचं हे माझ्यासारख्याचं चुकणारच. तरी माफी.

हणजुण्याहून एक भाचा: दादा, आमच्या आजीच्या घरी आधी परदेशी भाडेकरू राहायचे. मामाच्या खोक्यात पाच कॅसेटी मिळाल्या, एकीवर पेनने फक्त 'हार्डकोर ९२'. एका बाजूला बाईचा आवाज चिमणीसारखा, पियानो, ढोल तुटक तुटक. दुसऱ्या बाजूला नुसतं धाड धाड धाड. दोन्ही हार्डकोर कसं काय? आणि आमच्या टेपवर ती हळू वाजते, पण खरं सांगू का, हळूच जास्त मस्त लागते.

याला मी कळवलं की सगळ्या घेऊनच ये बाबा. आला, भर पावसात स्कूटरवरून, कॅसेटी दुधाच्या पिशवीत गुंडाळून. उघडून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी, ती आपल्याकडे बहुतेक जुन्या कॅसेटींना असतेच, आणि मधली ती स्पंजाची चौकोनी गादी गळून पडलेली. ती गादी पट्टीला हेडवर दाबून धरते, ती नसली की वरचे आवाज सगळे गायब, गाणं घोंगडीत गुंडाळल्यासारखं. माझ्याकडे एक भजनाची स्क्रूवाली कॅसेट होती तिची गादी काढून हिला लावली, देव माफ करो. बुरशी मऊ कापडाने पुसली, आणि पहिल्यांदा वाजवायला भंगारातला डेक घेतला, कारण बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की पुढच्या दहा कॅसेटींना प्रसाद मिळतो.

हळू का वाजते ते सोपं आहे, तुझ्या टेपचा रबरी पट्टा सैल झालाय. तू घरी ठोके मोजून पाठवलेस ना, १५ सेकंदांत ३१, म्हणजे मिनिटाला १२४. माझ्याकडे तीच जागा १५ सेकंदांत ३५, म्हणजे १४०. ९२ च्या इंग्लंडला हा आकडा बरोबर बसतो. पट्टा बदल, तरी फरक राहिला तर मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत छोटा स्क्रू, अर्ध्या केसाएवढा फिरवायचा, जास्त फिरवलास तर सगळेच चिमण्या होतील.

आता एक बाजू एक, दुसरी बाजू दुसरी हे काय. पहिली बाजू पक्की ब्रिटिश. वरून एक माणूस सतत बडबडतोय, लोकांना चेतवतोय, तो एमसी, ही सवय त्यांच्याकडे जमैकन साऊंड सिस्टीमवाल्यांकडून आली. तेव्हा तिकडे मोठ्या रेव्हचं रेकॉर्डिंग करून कॅसेटींचे संच विकायचे, प्लास्टिकच्या डब्यात पाच-सहा कॅसेटी, कुणीतरी त्यातली उतरवून घेतलेली दिसते. तुटक ढोल म्हणतोस तो ब्रेकबीट. जुन्या फंक-सोलच्या रेकॉर्डमधला नुसत्या ड्रमचा तुकडा कापायचा, सँपलरमध्ये भरायचा, परत परत वाजवायचा आणि पळवायचा. त्यातला सगळ्यात जास्त चोरलेला तुकडा १९६९ चा, द विन्स्टन्स नावाच्या बँडचा, ड्रमर ग्रेगरी कोलमन, सहा-सात सेकंद फक्त. त्या सहा-सात सेकंदांवर पुढे 'जंगल' नावाचं आख्खं संगीत उभं राहिलं, आणि त्या बिचाऱ्याला त्यातून काही मिळालं नाही. बाईचा आवाज चिमणीसारखा का, तर तेव्हाच्या स्वस्त सेटअपमध्ये वेग वाढवला की सूरही वर चढायचा, मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर लावल्यासारखा. आधी नाइलाज होता, मग लोकांना तेच आवडायला लागलं, आणि नाइलाज गेला तरी चिमणी राहिली.

दुसऱ्या बाजूला एमसी नाही, ब्रेकबीट नाही, चार ठोके सरळ, वर हूवर. हे समुद्रापलीकडचं, बेल्जियम-हॉलंड-जर्मनीकडचं. गावाचं नाव छातीठोक सांगणार नाही कारण ९१-९२ ला ब्रिटिश डीजेसुद्धा हीच रेकॉर्ड लावायचे. हेच तर मी गेल्या अंकात सांगायला गेलो आणि अर्ध्या पानात कोंबताना राहून गेलं, की वर्ष-दोन वर्षं सगळे एकाच ढिगातली रेकॉर्ड वाजवत होते, आणि मग प्रत्येक गावाने त्यातलं स्वतःला जे चवीचं लागलं तेवढं ठेवून बाकी टाकून दिलं. इंग्रजांनी ब्रेकबीट ठेवला. डचांनी किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, ठेवला आणि तोच फुगवला. स्कॉटलंडवाले तर इंग्रजांच्या शेजारचे, पण त्यांना तुटक ढोल नकोच होता, त्यांनी सरळ ठोका आणि उड्या मारणारा बेस घेतला, बाउन्सी टेक्नो म्हणतात त्याला, स्कॉट ब्राउन ऐक. माशाची आमटी पेडण्यात वेगळी आणि काणकोणात वेगळी, मासा तोच.

आणि हळू मस्त लागते म्हणतोस, तुला हसणारे हसोत, आख्खं बेल्जियम तुझ्या बाजूने आहे. ८० च्या दशकाच्या शेवटी अँटवर्पच्या एका क्लबात डीजेने ए स्प्लिट सेकंड या बँडची ४५ ची रेकॉर्ड मुद्दाम ३३ वर लावली, वेगाचा दांडा +८ टक्क्यांपर्यंत ढकलून. जड, रेंगाळणारं, कमरेतून हलवणारं काहीतरी निघालं आणि त्यातून न्यू बीट झालं, मग बेल्जियमभर तेच. म्हणजे ज्या देशाने पुढे हार्डकोरला दणका दिला त्याची सुरुवात रेकॉर्ड हळू लावण्यातून. तुझा पट्टा सैल झालाय, त्यांनी मुद्दाम केलं, एवढाच फरक. एक कॉपी हळू वेगात करून ठेव म्हणतो मी.

फोंड्याहून एक कॉलेजकुमार: गॅबर आणि हॅपी हार्डकोर यात नेमका फरक काय? मित्र म्हणतो दोन्ही मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखंच वाजतं.

मित्राला सांग चमचा कुठल्या मिक्सरमध्ये पडला यालाही अर्थ असतो.

गॅबर म्हणजे रॉटरडॅम. बंदराचं शहर, कामगारांचं, १९४० मध्ये जर्मन बाँबिंगमध्ये मधला भाग सपाट झाला तो परत बांधलेला, त्यामुळे जुनी शोभा वगैरे फारशी नाही. तिथल्या पोरांना अॅमस्टरडॅमच्या टापटीप हाऊस म्युझिकचा राग. १९९२ मध्ये पॉल एल्स्टाकने रॉटरडॅम रेकॉर्ड्स काढलं, आणि त्यावर युरोमास्टर्सच्या रेकॉर्डचं नावच असं की अॅमस्टरडॅम, ते कुठं आलं बुवा? फुटबॉलचं जुनं वैर आहेच, रॉटरडॅमचा फेयनूर्द क्लब विरुद्ध अॅमस्टरडॅमचा आयाक्स, ते थेट डान्स फ्लोअरवर आलं. गॅबर या शब्दाचा अर्थ दोस्त, यिडिशमधून डच बोलीत आलेला. सांगतात की अॅमस्टरडॅमवाल्यांनी नाक मुरडून 'हे गॅबर लोक' म्हटलं आणि यांनी तीच शिवी छातीवर बिल्ल्यासारखी लावली.

आवाज कसा बनतो ते बघ, हा माझा आवडीचा भाग, मामाच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यात मी चार वर्षं वायरी ओढल्यात त्यामुळे याचा मला वेगळाच आनंद होतो. रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनचा किक घ्यायचा आणि मिक्सरमध्ये इतका वर उचलायचा की सिग्नल मावेनासा होतो, लाटेचं डोकं वर छताला आपटून सपाट होतं. आमच्याकडे हे झालं की मामा थोबाडीत द्यायचा, कारण जत्रेत भटजींचा माइक असा फाटला तर वर्गणी बुडते. रॉटरडॅमवाल्यांनी ते मुद्दाम केलं. सपाट झाल्याने ठोक्याला सूर येतो, शेपूट येतं, तो धप् न वाजता ढँव् वाजतो, मग वेगळा बेस लागतच नाही, किकच बेस, किकच चाल. वेग १६० पासून १९० आणि वर. त्यावर नाच हाक्केन, सगळा खेळ कमरेखाली, पाय सुऱ्या चालवल्यासारखे, अंगात ट्रॅकसूट, पायात एअर मॅक्स, डोकं चकोट. त्या चकोट डोक्यामुळे नको ते लोकही चिकटले, तेव्हा लेबलवाल्यांनी रेकॉर्डवर वंशवादाच्या विरोधात ओळी छापल्या, ते बरं केलं. १९९२ पासून थंडरडोम नावाचे मोठे हॉलमधले कार्यक्रम सुरू झाले, हजारो माणसं, आणि सीडी दुकानात ढिगाने.

पण मुळाशी जायचं तर फ्रँकफर्टला जावं लागतं. मार्क अकार्डिपाने या माणसाने १९९० मध्ये मेस्कॅलिनम युनायटेड या नावाने 'वी हॅव अराइव्ह्ड' केलं, हार्डकोर टेक्नोचं पहिलं रेकॉर्ड बरेच जण त्यालाच म्हणतात. त्याच्यात डचांसारखी मस्ती नाही, रिकाम्या कारखान्यात कुणीतरी दार आपटतंय असं थंड. मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं, गॅबर मी तासभर ऐकतो मग चहा लागतो.

हॅपी हार्डकोर दोन ठिकाणी दोन वाटांनी आलं. इंग्लंडमध्ये ९३ च्या आसपास ब्रेकबीटवाले फुटले, एक गट काळोखाकडे गेला, बेस वाढवला, पियानो फेकला, तो जंगल. ज्यांना पियानो आणि हात वर करणारी बाई हवीच होती ते राहिले, वेग वाढत १७० कडे गेला, ते हॅपी. हॉलंडमध्ये गॅबरवाल्यांनीच वर गोड चाल लावली आणि ९५ ला ती चार्टमध्ये घुसली, त्यात हाच पॉल एल्स्टाक. जुन्या गॅबरवाल्यांना वाटलं आपल्याला विकलं. तुझ्या मित्रासाठी झटपट कसोटी, ऐकताना हात वर गेले तर हॅपी, जबडा आवळला तर गॅबर.

इटली आणि स्पेन राहिले, स्पेनबद्दल एकच सांगतो कारण ते मजेशीर आहे. कातालोनियाकडचं माकिना नावाचं वेगवान नाचाचं संगीत, ते तिकडे ओसरलं आणि इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात न्यूकॅसल-सनडरलँडच्या पोरांनी उचललं, वर स्वतःचे एमसी चढवले, आता ते त्यांचंच झालंय.

डिचोलीहून एक काकू: माझा मुलगा रात्री हेडफोन लावून मिनिटाला १८० ठोक्यांचं काहीतरी ऐकतो. हृदयाला अपाय होत नाही ना? आणि यात नशापाणी असतं म्हणतात ते खरं का?

काकू, तुम्ही पत्र लिहिलंत हेच बरं, नुसता हेडफोन काढून घेतला असतात तर तो दुसरा घेऊन आला असता.

ठोके १८० म्हणून हृदय १८० ने चालत नाही. शिगम्यात रोमटामेळाचे ढोल-ताशे तासन्‌तास चालतात, तुमच्या-माझ्या आज्या बाजूला उभ्या राहून बघायच्या, काही झालं नाही. जपायचे ते कान, आणि तिथं वेगाचा संबंध नाही, आवाज किती मोठा आणि किती वेळ याचा आहे. साधा हिशेब असा की ८५ डेसिबल ८ तास, त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबल म्हणजे १५ मिनिटं, बस. हेडफोन पूर्ण वर असला तर तिथपर्यंत सहज जातो. मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा लावायची सोय असते, ती त्याच्याकडूनच लावून घ्या, तुम्ही लावलीत तर तो काढेल. काढल्यावर कान वाजत असतील, सुंई असा आवाज, तर खूप झालं समजा आणि ते राहिलंच तर कानाच्या डॉक्टरकडे न्या.

नशेचं खोटं सांगणार नाही, ८८ ते ९२ च्या युरोपात या संगीताबरोबर एक्स्टसीच्या गोळ्या होत्याच, त्यात पोरं मेलीसुद्धा. आपल्या किनाऱ्यावर काय चालतं ते आपण दोघंही जाणतो. पण डिचोलीत स्वतःच्या खोलीत गादीवर पडून कॅसेट युगाचं म्युझिक ऐकणारा मुलगा म्हणजे बहुतेक करून माझ्यासारखा किडा, रेकॉर्डचे नंबर पाठ करणारा. एक दिवस त्याच्याजवळ बसून एक गाणं ऐका. तुम्हाला आवडणार नाही, चालेल, त्याला बरं वाटेल.

पेडण्याहून एक वाचक: इंग्लंडमध्ये ठेक्यावरच कायदा केला होता हे खरं की फेकाफेकी?

खरं. मे १९९२, कॅसलमॉर्टन कॉमन, उघडं माळरान, स्पायरल ट्राइब आणि बाकीच्या साऊंड सिस्टीमवाल्यांनी आठवडाभर फुकट पार्टी केली, २० ते ४० हजार माणसं आली असा अंदाज. गाववाल्यांची झोप उडाली, पेपरवाल्यांचं पोट भरलं. १९९४ मध्ये कायदा आला, उघड्यावर रात्री १०० किंवा जास्त माणसं आणि मोठ्या आवाजातलं संगीत असेल तर पोलिसांना हटवायचा अधिकार, आणि संगीत कशाला म्हणायचं तर त्यात स्पष्ट लिहिलं की लागोपाठ एकसारखे ठोके असलेले आवाजसुद्धा धरायचे. वकिलाने ठोक्याची व्याख्या केलेली बघून ऑटेकर नावाच्या जोडीने असं गाणं केलं की कुठल्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत, आणि रेकॉर्ड ३३ आणि ४५ दोन्हीवर चालेल. असा टोमणा मला जमला असता तर मी हा कॉलम लिहीत बसलो नसतो. स्पायरल ट्राइबवाले कायद्याच्या आधीच फ्रान्सला निघून गेले आणि ९३ पासून तिकडे टेक्निवाल, म्हणजे उघड्यावरच्या फुकट टेक्नो जत्रा, सुरू झाले, म्हणजे इंग्लंडने हाकललं ते फ्रान्सच्या शेतात रुजलं.

आपल्याकडे ठोक्यावर काही नाही, घड्याळावर आहे. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्यावर पाळोळ्याला हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या निघाल्या, बाहेरून बघितलं तर दोनशे माणसं मुकाट्याने उड्या मारतायत. मी एकदा बघितलं, भूत लागल्यासारखं वाटलं, पण शेजारच्या घरातली म्हातारी झोपली होती तेही बघितलं.

म्हापशाहून, केळीवाल्यांच्या गल्लीतले: मग गोवा ट्रान्स हे हार्डकोरचं पोर का?

पोर नाही, चुलतभाऊ. हणजुण्याच्या पार्ट्यांत ८० च्या दशकात कॅसेटी आणि मग डॅट या डिजिटल टेपवर युरोपातलं ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक), न्यू बीट वाजायचं, गाण्याचे शब्द कापून नुसता वाजवायचा भाग ठेवून. रेकॉर्ड आणायच्या तर आपल्या उन्हात पापडासारख्या वाकायच्या. म्हणजे आजोबा एकच, बेल्जियम-जर्मनीकडचे. पुढे गोवा गिल वगैरे डीजे मंडळींनी ते सकाळपर्यंत ताणलं, वेग १४०-१५० च्या घरात ठेवला. १८० वर सूर्य उगवेपर्यंत कोण नाचणार, आणि तेही चटईवर बसून चहा विकणाऱ्या बायांच्या समोर, मध्ये मध्ये चहा प्यायला थांबायचं असतं ना.

ता.क. हणजुण्याच्या भाच्याला: बाकीच्या चार कॅसेटी तपासल्या. दोन कोऱ्या. एकीत इंग्लिश रेडिओ, अर्धी खरखर. चौथीत तुमच्या मामाने दशावतार उतरवलाय, संकासुराचं बोलणं झकास आलंय, मध्ये कुणाचंतरी पोर रडतं, आणि नाटक जिथं संपतं तिथून पुढे शेवटची चार मिनिटं खालचं जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलंय, हूवर आणि किक. त्या कॅसेटीला बुरशी लागलेली नाही, तुझ्या टेपचा पट्टा बदललास की सरळ वाजेल. चारही पिशवीत घालून ठेवल्यात, सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी ये.